ओसाकाला पहिल्यांदा जाताना : वऱ्हाडच्या कापसाची जुनी वाट

बाळापूर (प्रतिनिधी) : जपानमध्ये पाऊल ठेवल्यावर पैसे बदलून घेतले, की हातात पडणाऱ्या दहा हजार येनच्या नोटेवर एका वृद्ध गृहस्थाचा चेहरा दिसतो. ३ जुलै २०२४ रोजी चलनात आलेल्या या नोटेवरील गृहस्थांचे नाव शिबुसावा एइइची. जपानच्या आधुनिक उद्योगांची पायाभरणी करणाऱ्यांत त्यांची गणना होते. वऱ्हाडातून जाणाऱ्या प्रवाशाला या चेहऱ्याची वेगळी ओळख असायला हवी. आपल्या काळ्या मातीतला कापूस थेट जपानच्या गिरण्यांपर्यंत नेणारा सागरी मार्ग ज्यांच्या पुढाकाराने सुरू झाला, त्यांत शिबुसावा प्रमुख होते. तो कापूस ज्या शहरात काता-विणायला जात असे, ते शहर म्हणजे ओसाका.

पहिल्यांदा जपानला जाणारे बहुतेक प्रवासी टोकियोचा विचार करतात आणि ओसाकाला एखादा दिवस देतात. वऱ्हाडातल्या माणसाने हा क्रम उलटा करण्यास हरकत नाही. ओसाका हे व्यापाऱ्यांचे, गिरण्यांचे आणि खवय्यांचे शहर आहे. मुलगा किंवा मुलगी नोकरीनिमित्त तिकडे असल्याने जाणारे आई-वडील असोत वा सहलीला निघालेले कुटुंब, पहिल्या भेटीत उपयोगी पडेल अशी माहिती आणि या शहराशी असलेला आपला जुना संबंध येथे एकत्र दिला आहे.

'उमरा' कापसाचा प्रवास

अमरावतीचे जुने नाव उमरावती. त्यावरून वऱ्हाडच्या कापसाला मुंबईच्या बाजारात 'उमरा' हे नाव पडले आणि जगभरच्या कापूसबाजारात ते रूढ झाले. १८६७ मध्ये लोहमार्ग नागपूरपर्यंत पोचल्यावर अकोला, खामगाव, अमरावती या बाजारपेठांचे रूप पालटले. मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावरचे बाळापूर मुख्य लोहमार्गापासून बाजूला राहिले. जवळचे स्थानक पारस. परिसरातला कापूस बैलगाड्यांनी मोठ्या बाजारांत जाई, तेथे सरकी काढून रुईच्या गाठी बांधल्या जात आणि त्या मुंबईच्या बंदराकडे रवाना होत.

तिकडे ओसाकात १८८२ मध्ये शिबुसावांच्या पुढाकाराने ओसाका बोसेकी ही सूतगिरणी स्थापन झाली. १८८३ मध्ये ती सुरू झाली तेव्हा तीत १०,५०० चात्या होत्या. वाफेवर चालणाऱ्या या गिरणीच्या यशामुळे शहरात एकामागून एक गिरण्या उभ्या राहिल्या आणि ओसाकाला 'पूर्वेचे मँचेस्टर' म्हटले जाऊ लागले. गिरण्या वाढल्या, तसा कापूस कमी पडू लागला. भारतातून तो आणायचा तर जहाजवाहतूक परदेशी कंपन्यांच्या, विशेषतः ब्रिटिश पी अँड ओ कंपनीच्या ताब्यात होती आणि भाडे भारी होते.

१८९३ मध्ये जमशेटजी टाटा जपानला गेले आणि त्यांची शिबुसावांशी भेट झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये निप्पॉन युसेन काइशा या जपानी कंपनीने मुंबईसाठी नियमित जहाजसेवा सुरू केली. ब्रिटिश कंपनीने दर पाडून ती मोडण्याचा प्रयत्न केला. परंतु जपानी गिरणीमालकांच्या संघाने आपला कापूस याच जहाजांतून आणण्याचा करार केला होता, त्यामुळे ती टिकली. टाटांची स्वतःची जहाजसेवा मात्र फार काळ चालू शकली नाही.

आपला कापूस आखूड धाग्याचा. लँकेशायरच्या गिरण्यांना तो फारसा पसंत नव्हता. जपानी गिरण्यांनी तो लांब धाग्याच्या अमेरिकी कापसात मिसळून कातण्याचे तंत्र साधले आणि स्वस्त, टिकाऊ सूत काढले. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास जपान हा भारतीय कापसाचा सर्वांत मोठा परदेशी ग्राहक झाला होता. जपानी कापूस कंपन्यांच्या कचेऱ्या मुंबईत थाटल्या गेल्या.

दोन्हीकडच्या शेतकऱ्यांनी मोजलेली किंमत

या व्यापाराचा हिशेब केवळ नफ्याचा नाही. ओसाकाच्या पूर्वेस कावाची नावाचा प्रदेश आहे. १७०४ मध्ये यामातो नदीचा प्रवाह वळविण्यात आला, तेव्हा जुन्या पात्राच्या रेताड जमिनीत कापसाची शेती बहरली. 'कावाची मोमेन' म्हणजे कावाचीचे सुती कापड, ही त्या भागाची ओळख होती. यंत्रावरचे सूत आणि परदेशी कापूस आल्यावर या शेतीला उतरती कळा लागली. १८९६ मध्ये जपान सरकारने आयात कापसावरील जकात पूर्णपणे रद्द केली आणि कावाचीच्या शेतकऱ्याचा उरलासुरला आधारही गेला. त्याला हटविणाऱ्या कापसात वऱ्हाडचाही कापूस होता.

वऱ्हाडच्या शेतकऱ्याची पाळी १९३३ मध्ये आली. जपानी कापडाची स्पर्धा रोखण्यासाठी ब्रिटिश हिंदुस्थान सरकारने त्या वर्षी जूनमध्ये परदेशी, म्हणजे बिगरब्रिटिश सुती मालावरील जकात ७५ टक्क्यांवर नेली. उत्तरादाखल जपानी गिरणीमालकांनी भारतीय कापसावर बहिष्कार टाकला. जागतिक मंदीने आधीच पिचलेल्या कापूस उत्पादकाचा सर्वांत मोठा गिऱ्हाईक एकाएकी बाजारातून नाहीसा झाला. सिमला आणि दिल्ली येथील वाटाघाटींनंतर जानेवारी १९३४ मध्ये तडजोड झाली. जपानने वर्षाला दहा लाख गाठी कापूस घेतल्यास त्याला ३२.५ कोटी यार्ड कापड भारतात पाठविता येईल, आणि पंधरा लाख गाठी घेतल्यास ४० कोटी यार्डांपर्यंत, असे सूत्र ठरले. शेतकऱ्याच्या कापसाचे भवितव्य अशा रीतीने दोन देशांच्या जकातीच्या कोष्टकात बांधले गेले. आयात-निर्यातीच्या एका निर्णयाने कापसाचा भाव कोसळतो, हा वऱ्हाडचा अनुभव किमान एवढा जुना आहे.

निघण्यापूर्वी

पासपोर्ट : अकोला जिल्हा नागपूरच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाच्या कक्षेत येतो. पासपोर्ट आणि इतर कागदपत्रांतील नावाचे स्पेलिंग तंतोतंत जुळते की नाही, हे व्हिसाचा अर्ज करण्याआधीच तपासावे.

व्हिसा : भारतीय नागरिकांना जपानचा व्हिसा आगाऊ घ्यावा लागतो. १ एप्रिल २०२४ पासून भारतातील पर्यटकांसाठी ई-व्हिसाची सोय झाली असून अर्ज व्हीएफएस ग्लोबलच्या केंद्रांमार्फत करावा लागतो. हा व्हिसा एकवेळ प्रवेशाचा आणि ९० दिवसांपर्यंतचा असतो. एक गोष्ट कटाक्षाने ध्यानात ठेवावी : ई-व्हिसा विमानतळावर मोबाइलवर, इंटरनेट चालू ठेवून संकेतस्थळावरच दाखवावा लागतो. त्याची छापील प्रत किंवा पडद्याचा टिपलेला फोटो चालत नाही. ज्येष्ठ नागरिक एकटे जाणार असतील, तर ही कृती घरीच दोन-तीनदा करून पाहावी. ई-व्हिसा केवळ पर्यटनासाठी आहे. नातेवाइकांकडे जाणाऱ्यांना तिकडच्या निमंत्रकाकडून निमंत्रणपत्र व अन्य कागदपत्रे मागवावी लागतात.

ऋतू : साकुरा, म्हणजे चेरीचा बहर, ओसाकात साधारणपणे मार्चअखेर ते एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात असतो. नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या प्रारंभापर्यंत पानगळीचे रंग पाहावयास मिळतात. जून ते जुलैच्या मध्यापर्यंत पावसाळा, तर ऑगस्ट ते ऑक्टोबर वादळांचा काळ. अकोल्याच्या ४५ अंशांच्या उन्हाची सवय असलेल्यालाही ओसाकाचा दमट ऑगस्ट थकवितो. एप्रिलअखेर ते मेचा पहिला आठवडा, ऑगस्टचा मध्य आणि नववर्षाचे दिवस जपानी कुटुंबांच्या सुट्यांचे असतात. त्या वेळी गर्दी आणि दर दोन्ही वाढतात.

औषधे : डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधे साधारणपणे एक महिना पुरतील एवढी नेता येतात. अधिक न्यायची असल्यास आगाऊ परवानगी लागते. सर्दीच्या काही गोळ्यांतील स्यूडोएफेड्रिन आणि खोकल्याच्या औषधांतील कोडीन यांबाबत जपानचे नियम फार कडक आहेत. आपल्याकडे सहज मिळणारी गोळी तेथे गुन्हा ठरू शकते. डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत सोबत ठेवावी.

खाद्यपदार्थ : ताजी फळे, भाजीपाला आणि बियाणे तपासणीच्या प्रमाणपत्राशिवाय नेता येत नाहीत, माती तर मुळीच नेता येत नाही. मांसाचे पदार्थही नेऊ नयेत. लिंबू, हिरवी मिरची, कढीपत्ता घरीच ठेवावा. सुकी चटणी, भाजलेले शेंगदाणे, खाकरा असे कोरडे, बंद पाकिटातील पदार्थ न्यावेत आणि विमानतळावर विचारल्यास तसे स्पष्ट सांगावे.

वीज : जपानमध्ये विजेचा दाब १०० व्होल्ट असून प्लगला दोन चपट्या पट्ट्या असतात. मोबाइलचा चार्जर योग्य जोडपिनेवर चालतो. २३० व्होल्टचा मिक्सर किंवा पाणी तापविण्याचा रॉड नेऊन उपयोग नाही.

उतरल्यावर

ओसाकाचा कान्साई विमानतळ समुद्रात भराव टाकून केलेल्या बेटावर असून तो ४ सप्टेंबर १९९४ रोजी सुरू झाला. घड्याळ साडेतीन तास पुढे करावे. सोळा वर्षे व त्यावरील परदेशी प्रवाशांच्या बोटांचे ठसे आणि छायाचित्र घेतले जाते. 'व्हिजिट जपान वेब' या सरकारी संकेतस्थळावर माहिती आधीच भरली, तर जकात व इतर तपासणी लवकर आटोपते.

शहरात जाण्यासाठी दोन रेल्वेमार्ग सोयीचे आहेत. नानकाई कंपनीची गाडी दक्षिणेकडील नाम्बा स्थानकात नेते. जेआरची 'हारुका' तेन्नोजी, ओसाका आणि शिन-ओसाका येथे थांबते. हॉटेल कोणत्या भागात आहे, त्यावरून मार्ग निवडावा.

नावांचा घोळ पहिल्या दिवशी हमखास होतो. जेआरचे 'ओसाका' स्थानक आणि इतर कंपन्यांची 'उमेदा' स्थानके एकाच परिसरात आहेत. 'शिन-ओसाका' मात्र वेगळे. बुलेट ट्रेन तेथून सुटते. टोकियोहून येणाऱ्या जलद गाडीला सुमारे अडीच तास लागतात.

शहरात फिरण्यासाठी मिदोसुजी ही लाल रंगाची मेट्रो लक्षात ठेवली, तरी निम्मे काम होते. १९३३ मध्ये सुरू झालेला हा मार्ग शिन-ओसाका, उमेदा, होम्माची, शिनसाइबाशी, नाम्बा आणि तेन्नोजी यांना जोडतो. 'इकोका' हे पैसे भरून वापरायचे कार्ड घेतले, की तिकिटाच्या रांगेची कटकट मिटते. केवळ ओसाका आणि आसपास फिरायचे असल्यास देशभराचा महागडा रेल्वे पास घेण्याची गरज नाही. गर्दीच्या मार्गांवर गुलाबी खुणांचे डबे महिलांसाठी राखीव असतात. शेवटची गाडी मध्यरात्रीच्या सुमारास सुटते. ती चुकली तर टॅक्सीचे भाडे फार पडते.

पैशांबाबत थोडी रोकड जवळ ठेवावी. लहान दुकाने आणि देवळांत अजूनही रोख रक्कमच चालते. सेव्हन-इलेव्हन दुकानांतील यंत्रांवर परदेशी कार्डाने येन काढता येतात. बक्षिसी देण्याची पद्धत नाही. टेबलावर पैसे ठेवून निघाल्यास कर्मचारी ते परत करण्यासाठी मागे धावत येतात.

शाकाहारींनी काय करावे?

ओसाका खाण्यासाठी प्रसिद्ध, आणि तेथेच शाकाहाऱ्याची परीक्षा असते. शहराची खूण असलेल्या 'ताकोयाकी'मध्ये ऑक्टोपस असतो. 'ओकोनोमियाकी' हे कोबी घालून केलेले धिरडे. त्यात अंडे आणि बहुधा मांस किंवा मासळी असते. खरी अडचण डोळ्यांना न दिसणारी आहे. जपानी स्वयंपाकाचा पाया म्हणजे 'दाशी' हे सार. ते बहुधा सुकविलेल्या बोनिटो माशापासून करतात आणि नूडल्सच्या रश्शात, मिसो सुपात, भाजीतही वापरतात. त्यामुळे 'मांस नको' एवढे सांगून भागत नाही.

'निकु तो साकाना वा ताबेमासेन' म्हणजे 'मी मांस आणि मासे खात नाही.' हे वाक्य आणि 'दाशीही नको' अशी सूचना जपानीत लिहून घेतलेला कागद खिशात ठेवावा. बौद्ध मठांच्या परंपरेतील 'शोजिन र्‍योरी' हे जेवण शाकाहारी असते. भारतीय उपाहारगृहे शहरात आहेत. शिवाय गाडीने अर्ध्या तासाच्या आत येणाऱ्या कोबे शहरात भारतीय व्यापाऱ्यांची जुनी वस्ती आहे. १ सप्टेंबर १९२३ च्या कांतो भूकंपात योकोहामा उद्ध्वस्त झाल्यावर तेथील अनेक भारतीय व्यापारी कोबेत आले. कोबेतील १९३५ ची मशीद आणि १९८५ चे जैन मंदिर ही त्या वस्तीची ठळक स्मारके. हलाल किंवा शाकाहारी जेवण शोधणाऱ्यांनी हा परिसर लक्षात ठेवावा.

वागण्याचे काही संकेत

सरकत्या जिन्यावर ओसाकात उजव्या बाजूला उभे राहतात, टोकियोत डाव्या. रेल्वेत मोबाइलवर बोलत नाहीत. रस्त्यावर कचरापेट्या क्वचितच आढळतात, म्हणून आपला कचरा पिशवीत घालून हॉटेलवर न्यावा. २७ जानेवारी २०२५ पासून ओसाका शहरात सर्व रस्त्यांवर धूम्रपानास बंदी असून एक हजार येन दंड आहे. खर्रा, गुटखा खाण्याची सवय असलेल्यांनी ती इकडेच सोडून जावी. थुंकण्यासाठी तेथे कोपरा सापडणार नाही. घरात आणि अनेक पारंपरिक उपाहारगृहांत पादत्राणे दाराशी काढतात, ही गोष्ट आपल्याला नवी नाही. परदेशी पाहुण्याने पासपोर्ट सतत जवळ बाळगावा असा तेथील कायदा आहे. कोणाला हाक मारायची किंवा चुकून धक्का लागला, तर 'सुमिमासेन' हा एकच शब्द पुरतो.

काय पाहावे?

ओसाकाचा किल्ला तोयोतोमी हिदेयोशी यांनी १५८३ मध्ये बांधावयास घेतला. आज दिसणारा मुख्य मनोरा मात्र नागरिकांच्या वर्गणीतून १९३१ मध्ये उभारलेला काँक्रीटचा आहे. आत संग्रहालय आहे. बाळापूरचा किल्ला पाहिलेल्यांना तेथील दगडी तटबंदी आणि खंदक अधिक भावतील.

शितेन्नोजी हे बौद्ध मंदिर राजपुत्र शोतोकु यांनी ५९३ मध्ये स्थापन केले, अशी परंपरा आहे. 'शितेन्नो' म्हणजे चार दिशांचे रक्षक देव, आपल्या परंपरेतील लोकपाल. जपानी मंदिरांत भेटणारी वीणाधारी 'बेन्झाइतेन' ही सरस्वतीच होय.

कापसाच्या खुणा शोधायच्या, तर होम्माची स्थानकावर उतरून सेम्बा भागात जावे. ही जुनी कापडबाजारपेठ. तेथील 'मेनग्यो काइकान' म्हणजे कापूस उद्योगाचे भवन डिसेंबर १९३१ मध्ये पूर्ण झाले. तोयो बोसेकी या कंपनीतील संचालक ओका त्सुनेओ यांच्या स्मरणार्थ मिळालेल्या दहा लाख येनच्या देणगीत उद्योगाची भर घालून ते बांधण्यात आले. वास्तुरचनाकार वातानाबे सेत्सु. दुसऱ्या महायुद्धातील बाँबहल्ल्यांतूनही ते वाचले आणि २००३ मध्ये त्याला राष्ट्रीय वारशाचा दर्जा मिळाला. ही सभासदांच्या क्लबाची वास्तू असल्याने महिन्यातील ठराविक शनिवारी, आगाऊ नोंदणी करूनच आत जाता येते. उंच दालने आणि भिंतीभर रंगीत फरशा पाहताना हे वैभव कापसाच्या गाठींतून आले आहे, याचे भान ठेवावे.

तैशो प्रभागातील सांगेन्या येथे ओसाका बोसेकीची पहिली गिरणी होती. आधुनिक सूतकताईचे जन्मस्थान म्हणून तेथे स्मृतिशिला आहे. याच गिरणीत १८८६ मध्ये विजेचे दिवे लागले आणि रात्रपाळी जोमाने चालली. गिरण्यांतील मजुरांत मोठा भरणा खेड्यांतून आणलेल्या तरुण मुलींचा होता. त्यांची रात्रपाळी बंद होण्यास १९२९ साल उजाडावे लागले. कावाचीच्या कापसाची माहिती हवी असल्यास याओ शहरातील इतिहास व लोकजीवन संग्रहालय पाहावे.

अडचणीच्या वेळी

१७ जानेवारी १९९५ रोजी पहाटे झालेल्या भूकंपात कोबे परिसरात ६,४०० हून अधिक बळी गेले. १८ जून २०१८ रोजी उत्तर ओसाकालाही धक्का बसला. घाबरण्याचे कारण नाही, पण हॉटेलात शिरताच बाहेर पडण्याचा मार्ग पाहून ठेवावा. धक्का जाणवल्यास बाहेर धावू नये. डोके झाकून टेबलाखाली बसावे. पोलिसांसाठी ११०, रुग्णवाहिका व अग्निशमनासाठी ११९ हे क्रमांक आहेत. रस्ता चुकल्यास किंवा वस्तू हरवल्यास चौकाचौकांतील 'कोबान' या पोलिस चौकीत जावे. पासपोर्ट हरवल्यास ओसाकातील भारतीय महावाणिज्य दूतावासाशी संपर्क साधावा. त्याचा पत्ता व दूरध्वनी निघण्यापूर्वीच लिहून घ्यावा. प्रवास विमा टाळू नये, कारण तेथील उपचार परदेशी व्यक्तीला महाग पडतात.

पहिल्या भेटीसाठी पाच दिवस पुरेसे आहेत. पहिला दिवस नाम्बा आणि दोतोनबोरीच्या कालव्याकाठी, दुसरा किल्ला व शितेन्नोजीसाठी, तिसरा सेम्बा व सांगेन्यासाठी, चौथा कोबेला आणि पाचवा याओसाठी ठेवावा. कान्साई विमानतळाच्या समोरच्या किनाऱ्यावरचे इझुमिसानो हे गाव जपानी टॉवेलउद्योगाचे माहेर. १८८७ पासून तेथे टॉवेल विणले जातात. विणून झाल्यावर धुऊन पांढरे केल्याने ते पहिल्या दिवसापासून पाणी शोषतात. परतीच्या वाटेवर घरच्यांसाठी काही घ्यायचे झाले, तर हा सुती टॉवेल घ्यावा. कापूस पिकविणाऱ्या मुलखातल्या माणसांना त्याची पारख सांगावी लागणार नाही.